घरी बसून वेबसाइट बनवायला शिकताय? सॉफ्टवेअरसाठी खिशात हात घालू नका

विचारणारे बदलतात, प्रश्न तोच राहतो. 'मुलाची बारावी झाली, त्याला वेबसाइट बनवायला शिकायचंय, कोणतं सॉफ्टवेअर घेऊन देऊ?' 'दुकानदार म्हणतो, हजार-पाचशेत सगळं टाकून देतो. टाकून घेऊ का?' 'घरात लॅपटॉप नाही, मोबाइलवर जमेल का?' 'इथं उमरग्यात राहून होणारच नाही, पुण्याला जाऊन क्लास लावावा लागेल, असं सगळे म्हणतात. खरं आहे का?'

आधी थोडक्यात उत्तर. वेबसाइट बनवायला शिकण्यासाठी लागणारं एकही सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागत नाही. मोठमोठ्या कंपन्यांतले लोक रोज जी साधनं वापरतात, त्यांपैकी बहुतेक तुम्हाला घरी फुकट आणि कायदेशीर मार्गानं मिळतात. पैसे खर्च करायचेच असतील तर ते यंत्रावर करा आणि तेही जपून. क्लासचा विचार सगळ्यात शेवटी.

आधी घरातलं यंत्र बघा

नवा लॅपटॉप घेण्याआधी घरातला जुना कपाटातून काढा. दोन गोष्टी तपासा: रॅम किती आहे आणि आत हार्ड डिस्क आहे की एसएसडी. ४ जीबी रॅमवर शिकणं सुरू होतं, पण ब्राउझरच्या पाच-सहा खिडक्या उघडल्या की यंत्र धापा टाकतं. ८ जीबीवर निवांत काम होतं. जुन्या लॅपटॉपमध्ये हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली, तर तोच लॅपटॉप ओळखू येणार नाही इतका चपळ होतो. २४० किंवा २५६ जीबीची एसएसडी शिकायला भरपूर झाली. उमरग्यात आणि सोलापुरात दोन्हीकडे भाव विचारा, बसवण्याची मजुरी धरून विचारा आणि वॉरंटीचं बिल मागून घ्या.

दुसरी अडचण विंडोजची. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. बऱ्याच जुन्या लॅपटॉपवर विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही. विंडोज ७ वर तर आता क्रोम आणि व्हीएस कोड यांच्या नव्या आवृत्त्याच चालत नाहीत. अशा यंत्रासाठी लिनक्स मिंट हा चांगला पर्याय आहे. त्याची एक्सएफसीई नावाची हलकी आवृत्ती २ जीबी रॅमवरही चालते, ४ जीबीवर बरी चालते. डाउनलोड तीन जीबीच्या आसपास आहे. ती पेनड्राइव्हवर चढवून, लॅपटॉपमध्ये काहीही न बदलता आधी चालवून बघता येते. कायमची बसवण्याआधी मात्र फोटो, कागदपत्रं, टॅलीचा डेटा दुसरीकडे उतरवून घ्या. बसवताना एक चुकीचं बटण दाबलं गेलं की जुनं सगळं पुसलं जातं.

फक्त मोबाइल असेल तर

सुरुवात होते. अँड्रॉइडवर एकोड नावाचा संपादक आहे. त्यात एचटीएमएल आणि सीएसएस लिहून त्याच ॲपमध्ये पान कसं दिसतं ते बघता येतं. प्ले स्टोअरवर तो जाहिरातींसह मोफत आहे. खरा त्रास असतो टायपिंगचा. महिरपी कंस, कोनी कंस, अर्धविराम मोबाइलच्या कळफलकावर शोधता शोधता पोरगं कंटाळतं आणि मग 'आपल्याला जमत नाही' असा समज करून घेतं. त्यासाठी ओटीजी जोडणी आणि साधा यूएसबी कीबोर्ड घ्या. या सगळ्या यादीतली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी खरेदी हीच.

एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्टची ओळख एवढं मोबाइलवर होईल. त्यापुढे संगणक लागतोच. महाविद्यालयाच्या संगणक कक्षात काही बसवायची परवानगी नसते, तिथे ब्राउझरमध्येच चालणारी साधनं वापरा: 'व्हीएसकोड डॉट डेव्ह' किंवा 'कोडपेन'. गिटहबचं कोडस्पेसेस हे त्याहून मोठं साधन आहे. त्यात सगळा संगणकच ब्राउझरमध्ये मिळतो आणि वैयक्तिक खात्याला दोन कोअरच्या यंत्रावर महिन्याला सुमारे ६० तास मोफत असतात. काम झालं की ते बंद करायला विसरू नका, नाहीतर काही वेळ तास नुसतेच वाया जातात.

पहिल्या तीन महिन्यांना एवढंच सामान पुरे

- लिहिण्यासाठी व्हीएस कोड. मायक्रोसॉफ्टचा, मोफत, विंडोज आणि लिनक्स दोन्हीवर चालणारा. डाउनलोड शंभर एमबीच्या आसपास. त्यात 'लाइव्ह सर्व्हर' हे एक्स्टेन्शन घाला, म्हणजे फाइल जतन केली की ब्राउझरमधलं पान आपोआप ताजं होतं. याहून जास्त एक्स्टेन्शन सुरुवातीला घालू नका.
- यंत्र फारच जुनं असेल तर विंडोजवर नोटपॅड प्लस प्लस, लिनक्सवर गीनी. दोन्ही मोफत, दोन्ही हलके.
- बघण्यासाठी फायरफॉक्स किंवा क्रोम. कळफलकावरचं एफ-१२ दाबा. पानाची आतली रचना, रंग, चुका सगळं दिसतं. मोबाइलच्या छोट्या पडद्यावर पान कसं दिसेल तेही तिथेच बघता येतं. विकतच्या पॅकेजमध्ये जे मिळतं असं लोकांना वाटतं, त्यातलं निम्मं या एका बटणामागे आहे.
- चित्रांसाठी जिंप किंवा ब्राउझरमध्ये चालणारं फोटोपी. लोगोसारख्या रेषाचित्रांना इंकस्केप. पानाचा आराखडा काढायला फिग्माची मोफत योजना.

जुन्या पुस्तकांत आणि जुन्या व्हिडिओंत ब्रॅकेट्स आणि ॲटम ही नावं सापडतील. ब्रॅकेट्सचा आधार अडोबीनं सप्टेंबर २०२१ मध्ये काढून घेतला आणि ॲटम डिसेंबर २०२२ मध्ये बंद झाला. ती शोधत बसू नका. सब्लाइम टेक्स्ट मुदतीशिवाय चाचणीसाठी वापरता येतो, पण पुढे वापरत राहायचं तर परवाना विकत घेणं अपेक्षित आहे. वेबस्टॉर्म ऑक्टोबर २०२४ पासून बिगर-व्यावसायिक वापरासाठी मोफत झाला, मात्र तो जड आहे. ४ जीबीच्या यंत्रावर त्याच्या वाटेला जाऊ नका.

ड्रीमवीव्हरबद्दल अजूनही विचारणा होते. ते दरमहा भाडं भरून वापरायचं सॉफ्टवेअर आहे आणि नवशिक्याला त्याची गरज नाही. जो क्लास आजही 'ड्रीमवीव्हर शिकवतो' अशी पाटी लावतो, त्याचा अभ्यासक्रम शेवटचा कधी बदलला ते विचारा.

मराठी अक्षरांचे चौकोन आणि प्रश्नचिन्हं

हा घोळ आपल्याकडे जवळजवळ प्रत्येकाला एकदा तरी छळतो. इंग्रजी व्हिडिओत याचा उल्लेख नसतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पान ब्राउझरमध्ये उघडलं आणि मराठीच्या जागी '????' किंवा भलतीच चिन्हं दिसली, तर क्रमानं तीन गोष्टी तपासा.

१. फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन केली आहे का? विंडोजचं जुनं नोटपॅड फाइल एएनएसआय पद्धतीनं जतन करायचं आणि देवनागरीची प्रश्नचिन्हं व्हायची. एकदा अशी जतन झालेली अक्षरं परत येत नाहीत, पुन्हा टाइप करावी लागतात. व्हीएस कोड मुळातच यूटीएफ-८ वापरतो.

२. पानाच्या हेड भागात, अगदी वरच, कॅरेक्टर-सेट यूटीएफ-८ असल्याची मेटा ओळ आहे का? आणि सुरुवातीच्या एचटीएमएल टॅगमध्ये भाषा मराठी असल्याची नोंद? मराठीचं चिन्ह 'एमआर' असं दोन अक्षरी आहे. अनेक जण हिंदीचं चिन्ह तसंच ठेवतात. मग पान वाचून दाखवणारी साधनं मराठी मजकूर हिंदी समजून वाचतात.

३. मजकूर आला कुठून? लग्नपत्रिका, संस्थेचे अहवाल, छापखान्यातली जुनी कामं बहुधा श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या फाँटमध्ये असतात. ती आतून देवनागरी नसतातच, फाँट काढला की इंग्रजी अक्षरांची खिचडी उरते. असा मजकूर आधी रूपांतर करून युनिकोडमध्ये आणा आणि मग रफार, जोडाक्षरं, 'ळ' डोळ्यांनी तपासा. यंत्राच्या भरवशावर सोडू नका.

टाइप करण्यासाठी विंडोजमध्येच मराठी फोनेटिक कळफलक असतो, सेटिंगमध्ये जाऊन तो जोडायचा. वेगळं सॉफ्टवेअर नको. फाँटसाठी 'मुक्त' किंवा 'बालू', तसंच 'नोटो सान्स देवनागरी'. हे मुक्त परवान्याचे आहेत, त्यामुळे गिऱ्हाइकाच्या साइटवर वापरले तरी कुणी पैसे मागायला येत नाही. ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा थोडं जास्त ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत अडकतात. आपला तालुका कर्नाटकच्या हद्दीला लागून आहे, दुकानाच्या पाटीवर मराठीसोबत कन्नड हवं असणारी गिऱ्हाइकंही भेटतील. युनिकोडमध्ये दोन्ही लिपी एकाच पानावर सुखानं नांदतात.

पीएचपी, डेटाबेस, वर्डप्रेस

तीन महिन्यांनी हात बसला की पुढचं साधन झॅम्प. एका डाउनलोडमध्ये अपाची सर्व्हर, मारियाडीबी डेटाबेस आणि पीएचपी येतं. दीडशे एमबीच्या घरात जातं. आपल्या फाइली 'एचटीडॉक्स' या फोल्डरमध्ये ठेवायच्या आणि ब्राउझरमध्ये 'लोकलहोस्ट' उघडायचं. फाइलवर डबल-क्लिक करून पीएचपी चालत नाही; हा प्रश्न इतक्या वेळा येतो की वेगळं सांगावंसं वाटलं. अपाची सुरूच होत नसेल तर बहुधा दुसऱ्या एखाद्या प्रोग्रामनं ८० क्रमांकाचा पोर्ट अडवलेला असतो. झॅम्प घरात सरावासाठी आहे. तो उघडा सर्व्हर म्हणून इंटरनेटवर सोडू नका.

झॅम्पमध्येच वर्डप्रेस बसवता येतं. ते मोफत आहे आणि त्याचा पडदा मराठीत करता येतो. तालुक्यातल्या दवाखान्याला, शाळेला, पतसंस्थेला किंवा जकेकूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या छोट्या कारखान्याला जी वेबसाइट लागते, ती बहुधा वर्डप्रेसमध्ये भागते. म्हणून घराजवळच काम मिळवायचं असेल तर आधी वर्डप्रेस आणि पीएचपी शिका. पुण्या-हैदराबादला नोकरीच शोधायची असेल तर जावास्क्रिप्ट पक्कं करून नोड आणि रिॲक्टकडे वळा. दोन्ही एकदम धरू नका.

वर्डप्रेसमध्ये एक सापळा आहे: 'नल्ड' थीम. विकतची थीम कुलूप तोडून फुकट वाटलेली असते. तिच्यात अनेकदा छुपा कोड असतो, तो साइटवर जुगाराच्या जाहिराती घुसवतो किंवा साइटची चावी दुसऱ्याच्या हाती देतो. गिऱ्हाइकाच्या साइटवर हे झालं तर पुढचं काम गेलंच, आधीचे पैसेही परत द्यावे लागतील.

केलेलं काम लोकांना कसं दाखवायचं?

गिट शिका. ते मोफत आहे आणि इंटरनेट नसतानाही चालतं. केलेला प्रत्येक बदल नोंदला जातो, बिघडलं तर मागे जाता येतं. मग गिटहबवर खातं उघडा. गिटहब पेजेसवर तुमची साइट फुकट झळकते, मर्यादा साधारण १ जीबी.

इथे लोक दोन ठिकाणी अडतात. गिटहब पेजेसवर पीएचपी किंवा डेटाबेस चालत नाही, फक्त एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट चालतं. आणि मोफत योजनेत पेजेससाठी तुमची रिपॉझिटरी, म्हणजे प्रकल्पाच्या फाइलींचा साठा, सगळ्या जगाला खुली ठेवावी लागते. तिच्यात पासवर्ड, आधार कार्डाचा फोटो, गिऱ्हाइकांचे फोन नंबर टाकू नका. नंतर फाइल पुसली तरी जुन्या नोंदीत ती राहते.

महाविद्यालयात प्रवेश घेतलेला असेल तर गिटहबच्या विद्यार्थी संचासाठी ओळखपत्र देऊन अर्ज करा. काही विकतची साधनं शिकत असेपर्यंत मोफत मिळतात.

सरावाला काय बनवावं? परदेशी कॉफी शॉपची नक्कल करण्यापेक्षा उमरग्याच्या प्राचीन महादेव मंदिराचं माहितीपान करा, फोटो स्वतः काढा. नळदुर्गच्या किल्ल्याला येणाऱ्यांसाठी एक पान करा. बाजार समितीतल्या सोयाबीन-तुरीच्या भावाचा तक्ता मोबाइलवर नीट दिसेल असा मांडून बघा. मुलाखतीत तेच तेच नमुने बघून कंटाळलेला माणूस अशा पानावर थांबतो.

रोजचा डेटा आणि जाणारी वीज

दिवसाला दीड-दोन जीबीच्या पॅकवर व्हिडिओ बघत शिकलं तर संध्याकाळपर्यंत डेटा संपतो. मोठी डाउनलोड एकाच दिवशी, जमल्यास कुणाच्या तरी वायफायवर उरकून घ्या. 'डेव्हडॉक्स' या साइटवर हव्या त्या विषयाची संदर्भपानं उतरवून घेता येतात, नंतर ती इंटरनेटशिवाय उघडतात. रिॲक्ट शिकताना एका प्रकल्पाची नोड-मॉड्यूल्सची फाइल-गर्दी शेकडो एमबी खाऊ शकते, हे आधीच लक्षात ठेवा. व्हीएस कोडमध्ये आपोआप जतन होण्याची सोय सुरू करा. डेस्कटॉप वापरत असाल तर ती पहिल्याच दिवशी करा. वीज सांगून जात नाही.

शिकायचं कुठून?

इंग्रजी वाचता येत असेल तर फ्रीकोडकॅम्प, द ओडिन प्रोजेक्ट आणि संदर्भासाठी एमडीएन. तिन्ही पूर्ण मोफत. फ्रीकोडकॅम्पचं प्रमाणपत्रही मोफत आहे. मराठीतून ऐकायचं असेल तर आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प बघा. अनेक मोफत सॉफ्टवेअरचे छोटे धडे तिथे मराठी आवाजात आहेत आणि ते उतरवून ठेवता येतात. स्वयम् आणि एनपीटीईएलवर शिकणं मोफत, पैसे फक्त प्रमाणपत्राच्या परीक्षेला.

एमएस-सीआयटी केलं म्हणजे वेब डेव्हलपमेंट आलं असं नाही. ती संगणक साक्षरता आहे. सरकारमान्य प्रमाणपत्र हवंच असेल तर नायलिटच्या 'ओ' लेव्हलमध्ये वेब डिझाइनिंगचा स्वतंत्र पेपर आहे आणि कुठल्या संस्थेत नाव न घालता थेट परीक्षेला बसण्याची सोयही आहे.

चॅटजीपीटीसारख्या साधनांचं काय? चूक समजावून घ्यायला जरूर वापरा. ओळ लिहून घ्यायला पहिल्या तीन महिन्यांत वापरू नका.

'टाकून देतो' म्हणणाऱ्यापासून सावध

क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर जाणूनबुजून वापरणं हा कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ६३-ब खाली गुन्हा आहे. पण घरातल्या माणसाला त्याहून जवळचा धोका वेगळा. क्रॅक चालवण्याआधी 'अँटिव्हायरस बंद करा' असं सांगतात, आणि त्याच लॅपटॉपवर वडिलांचं नेटबँकिंग उघडलेलं असतं. पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा.

दुसरी गळती 'मोफत चाचणी'ची. कार्ड किंवा यूपीआय जोडून घेतात आणि महिन्यानं पैसे कापले जातात. अशा आपोआप कपातीच्या आधी किमान २४ तास बँकेनं तुम्हाला कळवायचं असतं. तो संदेश न वाचता पुसू नका. यूपीआय ॲपमधल्या ऑटोपे विभागात जाऊन परवानगी रद्द करता येते.

तरीही क्लास लावायचाच असेल तर

शिस्त लागते, शंका विचारता येतात, हा क्लासचा खरा फायदा. त्यासाठी पैसे देण्यात गैर काही नाही. फक्त देण्याआधी हे करा:

- अभ्यासक्रम, तास, शिकवणारा कोण आणि फी परतीचा नियम कागदावर मागा. व्हॉट्सॲपवरचं आश्वासन स्क्रीनशॉट काढून ठेवा.
- फी हप्त्यानं भरा, प्रत्येक वेळी पावती घ्या.
- 'नोकरीची हमी' हे शब्द दिसले की थबका. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या नोव्हेंबर २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार कोचिंग संस्थांना नोकरीची किंवा यशाची खोटी हमी देणाऱ्या जाहिराती करायला मनाई आहे.
- 'बिनव्याजी ईएमआय' म्हणजे बहुधा तुमच्या नावावर वित्तसंस्थेचं कर्ज. क्लास बंद पडला तरी हप्ता चालू राहू शकतो. कर्जाचं मुख्य तथ्यपत्रक मागा. डिजिटल कर्जात दंड न भरता माघार घेण्याची छोटी मुदत असते, ती किती दिवसांची ते सहीआधी विचारा.

फसवणूक झालीच तर आधी लेखी तक्रार संस्थेकडे द्या, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथे मार्ग निघाला नाही तर धाराशिवच्या जिल्हा ग्राहक आयोगात जा. संस्था पुण्याची किंवा बेंगळुरूची असली तरी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइनही दाखल करता येते.

पहिलं गिऱ्हाईक आलं की

बहुधा ओळखीतलाच कुणी दुकानदार असतो आणि 'बघून घेऊ' म्हणून पैशांचं बोलणं टळतं. टाळू नका. तीन गोष्टी एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या: काम कोणतं, पैसे किती व कधी, आणि पुढच्या वर्षीचा खर्च कुणाचा. डोमेनचा, म्हणजे साइटच्या नावाचा, पहिल्या वर्षीचा भाव जाहिरातीतला असतो, नूतनीकरणाचा वेगळा आणि बहुधा चढा. तो आधीच दाखवा. डोमेन दुकानदाराच्या नावानं, त्याच्याच ईमेलवर नोंदवा, तुमच्या नाही. उद्या तुम्ही नोकरीला पुण्याला गेलात आणि मुदत संपल्याची सूचना तुमच्या जुन्या ईमेलमध्ये पडून राहिली, तर त्याचं नाव हातचं जाईल आणि तो तुमच्या घरी येऊन विचारेल.